जिंकलो ‘आपण’, हरले ‘ते’: टीम इंडिया कसोटी हरली की चाहते एवढे का भडकतात?

२६ नोव्हेंबर २०२५. गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेने भारताला ४०८ धावांनी हरवलं. समोर ५४९ धावांचं लक्ष्य होतं, भारताचा डाव १४० वर आटोपला. धावांच्या हिशेबात कसोटीतला हा भारताचा सगळ्यात मोठा पराभव. त्याआधी कोलकात्यात १२४ धावांचा पाठलाग करताना संघ ९३ वर गुंडाळला गेला होता. मालिका २-० अशी गेली.

सामना संपला आणि स्टेडियममधूनच प्रशिक्षक गौतम गंभीर यांच्या नावाने ‘हाय हाय’च्या घोषणा सुरू झाल्या. त्याचे व्हिडिओ थोड्याच वेळात सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचले. मग नेहमीचंच. मीम्स, शिव्या, ‘यांना काढा’, ‘त्याला परत आणा’ आणि एका खेळाडूच्या चाहत्यांनी दुसऱ्याच्या चाहत्यांना धुणं.

देशाच्या पूर्वेच्या टोकाला हरलेला सामना पश्चिमेला, रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडात बसूनही त्याच क्षणी बघता येतो आणि तितकाच झोंबतो. ज्या संघात आपल्या ओळखीचं कुणी नाही, ज्याच्या हरण्याने आपल्या खिशातला रुपया जात नाही, त्याच्यासाठी माणसं रात्रीची जेवण का टाकतात? आणि हा राग नेमका कुठे चुकीच्या वाटेला लागतो?

आधी बघू, एवढं काय बिनसलं?

रागाचं कारण समजून घ्यायचं तर आधी सवय समजून घ्यावी लागेल. भारतीय चाहत्याला मायदेशात कसोटी मालिका हरायची सवयच राहिली नव्हती. २०१२ च्या अखेरीस इंग्लंडने २-१ ने हरवलं, त्यानंतर भारताने घरच्या मैदानावर सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. म्हणजे जो पोरगा तेव्हा सहावीत होता, तो नोकरीला लागला तरी त्याने भारताला घरी मालिका हरताना पाहिलं नव्हतं.

मग २०२४ चा ऑक्टोबर आला. न्यूझीलंडविरुद्ध बंगळुरूत पहिला डाव ४६ वर संपला आणि सामना गेला. पुण्याजवळच्या गहुंजेत मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि भारत ११३ धावांनी हरला. मालिका तिथेच गेली. वानखेडेवर निदान अब्रू वाचेल असं वाटत होतं. लक्ष्य फक्त १४७ होतं. ऋषभ पंतने ६४ धावा काढल्या, पण संघ १२१ वर बाद. ११ बळी घेऊन भारताला गुंडाळणारा एजाज पटेल मुंबईतच जन्मलेला. मायदेशात तीन किंवा जास्त कसोटींच्या मालिकेत एकही सामना न जिंकता किंवा अनिर्णित न राखता भारत हरला, असं पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर ऑस्ट्रेलियात ३-१ ने हार झाली आणि जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वाची अंतिम फेरी हुकली. आधीच्या दोन्ही पर्वांत भारत अंतिम फेरीत होता. अशात दक्षिण आफ्रिकेने येऊन २-० केलं. जखम भरत आली असताना पुन्हा तिथेच लागावं, तसं हे होतं.

पराभव एवढा का झोंबतो?

डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये हरवल्याचं दुःख सारखं नसतं. हरवल्याचं दुःख जास्त असतं. पुढच्या अभ्यासात ते साधारण दुप्पट असल्याचं त्यांनी दाखवलं.

यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तोटा मोजायला आपण सुरुवात कुठून करतो. ज्याने जिंकणं गृहीत धरलंय, त्याला जिंकल्यावर फारसं काही मिळत नाही, पण हरल्यावर सगळंच जातं. १८ मालिकांच्या सवयीने नेमकं हेच केलं.

त्यात कसोटी म्हणजे पाच दिवसांचं प्रकरण. टी-ट्वेंटीत साडेतीन तासांत काय तो निकाल लागतो. कसोटीत माणूस सकाळी आशा लावतो, जेवायच्या सुट्टीत हिशेब मांडतो, रात्री ‘उद्या दोघं टिकले तर’ म्हणत झोपतो. जेवढी गुंतवणूक मोठी, तेवढा चटका मोठा.

‘आपण’ आणि ‘ते’

आता खरी गंमत. भारत जिंकल्यावर चहाच्या टपरीवर काय ऐकू येतं? ‘आपण जिंकलो.’ हरल्यावर? ‘हरले साले.’ क्रियापदच बदलतं.

हे फक्त आपल्याकडे होत नाही. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत केलेला एक अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. फोन करून सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या सामन्याविषयी सांगताना ‘आम्ही’ हा शब्द जास्त यायचा, हरलेल्या सामन्याविषयी बोलताना तो गळायचा. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात आपणही उजळून घ्यायचं आणि अपयश आलं की चार पावलं मागे सरकायचं, असा हा प्रकार. पुढे १९८६ मध्ये या मागे सरकण्यावरही वेगळा अभ्यास झाला.

यात वाईट असं काही नाही, माणूस स्वतःला सांभाळत असतो. अडचण पुढे येते. ‘आपण’चे ‘ते’ झाले की मग ‘ते’ कोण, हे ठरवावं लागतं. अकरा जणांवर रागावणं अवघड. म्हणून एक चेहरा शोधला जातो. कधी कर्णधार, कधी प्रशिक्षक, कधी झेल सोडणारा एखादा पोरगा.

१९७१ ची मिरवणूक, १९७४ चे दगड

‘सोशल मीडियाने लोकांना बिघडवलं’ असं म्हणणाऱ्यांनी अजित वाडेकरांची गोष्ट आठवावी.

मुंबईचा हा माणूस १९७१ मध्ये कर्णधार झाला आणि भारताने आधी वेस्ट इंडिजला त्यांच्या घरी हरवलं, मग इंग्लंडला त्यांच्या घरी. दोन्ही देशांत भारताचा हा पहिलाच मालिका विजय. मुंबईत संघाची उघड्या गाड्यांतून जंगी मिरवणूक निघाली. इंदूरमध्ये विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली गेली. १९७२-७३ मध्ये इंग्लंडला भारतातही हरवलं. सलग तीन मालिका.

मग १९७४ चा इंग्लंड दौरा. तीनपैकी तीन कसोटी गेल्या. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात अख्खा संघ ४२ धावांत बाद झाला. ही भारताची सर्वांत कमी धावसंख्या पुढे २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावा होईपर्यंत टिकली.

लोकांनी काय केलं? वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड मारले. इंदूरच्या त्या बॅटला काळं फासलं. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं गेलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. तेव्हा त्यांचं वय होतं ३३. खांद्यावर घेतल्यापासून दगड मारेपर्यंत मधे फक्त तीन वर्षं गेली. तेव्हा घरोघरी टीव्हीही नव्हता, मोबाइल तर दूरच.

पुढे नव्वदच्या दशकात हेच वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, निवड समितीचे अध्यक्षही झाले. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा सगळ्यांनी १९७१ चा कर्णधार म्हणूनच त्यांना निरोप दिला. लोकांचा राग विरला, पण त्यांची कारकीर्द तेव्हाच संपली होती.

मग आज वेगळं काय?

दगड मारायला वाडेकरांच्या घरापर्यंत जावं लागायचं. आज अंथरुणात पडल्या पडल्या खेळाडूच्या बायकोच्या फोटोखाली काहीही लिहिता येतं. नाव खोटं, फोटो खोटा, लाज वाटायचं कारण नाही.

२०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या घातल्या गेल्या. विराट कोहली त्याच्या बाजूने उभा राहिला, तर कोहलीच्या तान्ह्या मुलीबद्दल ऑनलाइन धमकी आली. मुंबई पोलिसांनी त्या प्रकरणात एका तरुणाला अटकही केली.

दुसरा फरक पैशाचा. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०२४ मधल्या ऑनलाइन शिवीगाळीचा हिशेब काढला, तेव्हा सुमारे ४० टक्के मजकूर पैज हरलेल्या लोकांचा निघाला. म्हणजे ज्याला आपण ‘चाहत्याचा संताप’ म्हणतो, त्यातला बराचसा बुडालेल्या पैशाचा असू शकतो. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, पण तोवर कित्येकांसाठी एखाद्याचा शून्य म्हणजे स्वतःच्या खिशाला कात्री असंच समीकरण होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ॲपचं गणित. ज्या पोस्टवर जास्त भांडण, ती जास्त लोकांना दिसते. ‘चेंडू चांगला होता, बॅट लागली, बाद झाला’ हे कुणी शेअर करत नाही.

पाचाडच्या बाजूला हरलं तर?

महाड-पोलादपूर पट्ट्यात भातकापणी झाली की खाचरं रिकामी होतात आणि त्यातच क्रिकेटची मैदानं तयार होतात. टेनिस बॉल, मोजक्या ओव्हर, गावागावांच्या टीम. मुंबई-पुण्याला कामाला असलेले चाकरमानी सुट्टी काढून खेळायला येतात. चुरस अशी असते, की शेवटच्या ओव्हरला देव पाण्यात असतात.

इथेही हार होते, भांडणं होतात, अंपायरला ऐकून घ्यावं लागतं. पण ज्याने शेवटचा झेल सोडला, तो कुणाचा तरी चुलतभाऊ असतो. उद्या सकाळी महाडच्या एसटीत तोच शेजारी बसणार असतो. त्याची आई पाण्यावर भेटणार असते. म्हणून फार तर त्याला वर्षभर चिडवतात, पण त्याच्या पोराबाळांवर कुणी जात नाही. आणि बोलताना म्हणतात, ‘यंदा आपण हरलो.’

गावच्या पराभवात ‘आपण’ सुटत नाही, कारण समोरचा माणूस डोळ्यांना दिसतो. स्क्रीनवरच्या खेळाडूचा फक्त स्कोअर दिसतो.

सगळेच चाहते असे असतात का?

अजिबात नाही. आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण सचिनच्या नावाशी जोडलेलं आहे.

३१ जानेवारी १९९९, चेन्नई. पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचं लक्ष्य. पाठ दुखत असताना सचिन तेंडुलकरने १३६ धावा काढल्या. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या, तीन गडी बाकी होते. ते तिघं चार धावांत गेले आणि भारत १२ धावांनी हरला. स्टेडियम क्षणभर सुन्न झालं. मग लोक उभे राहिले आणि मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांनी कोलकात्यात त्याच पाकिस्तानविरुद्ध सचिन धावबाद झाल्यावर गोंधळ माजला. शेवटी पोलिसांना प्रेक्षक बाहेर काढावे लागले आणि ईडन गार्डन्सवर रिकाम्या खुर्च्यांसमोर सामना संपला. देश तोच, पाहुणा संघ तोच, हारही तशीच.

जुलै २०२५ मधली लॉर्ड्स कसोटीही आठवा. १९३ चा पाठलाग, रवींद्र जडेजा १८१ चेंडू खेळून नाबाद ६१, आणि मोहम्मद सिराजने नीट अडवलेला चेंडू मागे घरंगळत जाऊन स्टंपला लागला. भारत २२ धावांनी हरला. तेव्हा बहुतेकांना राग नाही, वाईट वाटलं. तीन आठवड्यांनी त्याच सिराजने ओव्हलवर शेवटचा बळी घेऊन सहा धावांनी कसोटी जिंकून दिली.

यावरून एक गोष्ट कळते. लोकांना हरणं चालतं, न लढता हरलेलं चालत नाही.

मग चिडूच नये का?

चिडावं की. चाहत्याचा राग वाया जात नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाकडून हरल्यावर क्रिकेट बोर्डाने जानेवारी २०२५ मध्ये नियम कडक केले, मोठ्या खेळाडूंनाही देशांतर्गत सामने खेळायला सांगितलं. त्याच महिन्यात रोहित शर्मा मुंबईकडून वांद्रे-कुर्ला संकुलात रणजी सामना खेळताना दिसला. खेळपट्टी अशी का बनवली, अमुक फलंदाज त्या क्रमांकावर का, फिरकी खेळायची तयारी कुठे कमी पडते, हे प्रश्न विचारणं चाहत्याचा हक्कच आहे. तिकिटाचे पैसे त्याचे आणि पाच दिवसही त्याचेच.

पण प्रश्न आणि धमकी यांच्यात कायद्याची रेघ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार धमकी दिल्यास दोन वर्षांपर्यंत, जिवे मारण्याची धमकी दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नाव लपवून धमकी दिली तर त्यात आणखी दोन वर्षांपर्यंतची भर पडू शकते. ‘मॅचच्या रागात लिहिलं’ म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

म्हणून पुढची कसोटी हरल्यावर काही टाइप करण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. जे लिहिताय, ते गावच्या टीममध्ये झेल सोडणाऱ्या पोराला एसटीच्या थांब्यावर तोंडावर म्हणू शकाल का? म्हणू शकत असाल, तर ती टीका आहे, बिनधास्त लिहा. नसाल, तर तो हातातला दगड आहे, खाली टाका.