देवडीवर अडलेलं मशीन

सोमवारी सकाळी भाचीचा मेसेज आला. ती बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते आणि तिच्या मेसेजात ‘कसा आहेस’ वगैरे प्रस्तावना नसते. ‘‘मामा, शुक्रवारी लॅपटॉपवर उबुंटूची नवी आवृत्ती टाकून घेतली. आज व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. परमिशन डिनाइड म्हणतंय. फाइल माझी, फोल्डर माझा, लॉगिन माझं. मग परवानगी द्यायची कोणी?’’

पाठोपाठ दुसरा मेसेज. ‘‘फाइलला ७७७ करून झालंय. उपयोग शून्य.’’

उबुंटू म्हणजे लिनक्स, आणि लिनक्स युनिक्सच्या घराण्यातलं. या घराण्यातल्या प्रत्येक फाइलवर तीन आकडे असतात. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक, बेरीज सात. तिन्ही जागी सात म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा. अडलेला इंजिनीअर हा उपाय कधी ना कधी करतोच, आणि बहुतेक वेळा काम होऊन जातं, म्हणून तर त्याची सवय लागते. भाचीचं काम झालं नाही याचा मला (मामाला शोभणार नाही इतका) आनंद झाला. सगळ्या जगाला खुली केलेली फाइलसुद्धा उघडत नसेल, तर अडथळा फाइलवर नाहीच. तो वाटेत कुठेतरी आहे.

जुन्या वाड्याची रचना आठवा. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, दुसरा चौक, मग माजघर. माजघरातली पेटी सताड उघडी ठेवली तरी देवडीवरचा पहारेकरी ज्याला आत सोडत नाही, त्याला ती पेटी असून नसल्यासारखीच. फाइलचा पत्ता म्हणजे असाच वाडा असतो. होम, त्यात भाचीच्या नावाचा फोल्डर, त्यात डाउनलोड्स आणि तिथे पडलेली पंचवीसेक जीबीची ती डिस्क-फाइल. प्रत्येक फोल्डर हे एक दार, आणि फोल्डरच्या बाबतीत त्या ‘चालवण्याच्या’ एका गुणाचा अर्थ बदलतो. इथे तो ‘या दारातून पुढे जाऊ देणे’ असा होतो. एका दारावर तो गुण नसला, की पुढची सगळी दारं उघडी असूनही व्यर्थ.

पण ती तर वाड्याची मालकीण. तिला तिच्याच देवडीवर कोण अडवणार?

तिला कोणी अडवलंच नव्हतं. व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाचं, बटण ती दाबते, पण फाइल उघडायला ती जात नाही. तिच्या वतीने लिबव्हर्ट-क्यूएमू नावाचा एक वेगळा, मुद्दाम गरीब ठेवलेला युजर जातो (लिबव्हर्ट हे अशी मशीनं सांभाळणारं सॉफ्टवेअर, क्यूएमू हा ती प्रत्यक्ष चालवणारा एम्युलेटर). तो त्या लॅपटॉपवरचा कारकून. त्याला ना पासवर्ड, ना लॉगिन. पहारेकऱ्याला तो दिसतो, भाची दिसत नाही. ‘मालकिणीने पाठवलंय’ ही सबब लिनक्सच्या देवडीवर चालत नाही.

मग अपग्रेडच्या आधी कसं चालत होतं? उबुंटूची पहिली आवृत्ती २००४ साली आली, तेव्हापासून घरातल्या संगणकावर माणसं एकमेकांच्या फाइली बघणारच, अशा भोळ्या विश्वासाने प्रत्येकाचा होम फोल्डर इतरांना खुला ठेवलेला असे. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या २१.०४ या आवृत्तीने हे बदललं. नवीन खात्यांचे होम फोल्डर ७५० झाले, म्हणजे मालकाला सगळं, गटाला बघण्यापुरतं, जगाला शून्य. गंमत म्हणजे जुन्या खात्यांना हात लावला नाही. ज्याने आहे त्याच खात्यावर अपग्रेड केलं त्याचं मशीन सुरळीत चालतं. ज्याने डिस्क पुसून सगळं नव्याने बसवलं, त्याचं अडतं. भाचीने दुसरा मार्ग धरला होता. शेजारच्या टेबलावरच्याने पहिला. ‘‘त्याचं कसं चालतं मग?’’ हा तिचा तिसरा मेसेज होताच.

आणि खरं तर यंत्राने तिला आधी विचारलंही होतं. व्हर्च्युअल मशीन बनवायच्या त्या खिडकीत एक प्रश्न येतो: या वाटेवरून पुढे जायचा हक्क एम्युलेटरला नसावा, दुरुस्त करू का? घाईत आपण ‘नाही’ दाबतो. माझ्या मते अपग्रेडनंतरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ अशा न वाचलेल्या एका वाक्यात असतं. हा माझा अंदाज आहे, कोणी मोजदाद केलेली नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. आज जिथे भाची बसते ती इलेक्ट्रॉनिक सिटी १९७८ साली केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने वसवली, कल्पना आर. के. बालिगांची, जमीन कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या दोन गावांची, सुमारे ३३२ एकर. (इन्फोसिस तिथे खूप नंतर आली. ती जन्मली १९८१ साली पुण्यात, हे पुणेकर म्हणून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) पण माझं लक्ष अडकतं ते ‘अग्रहार’ या शब्दात. अग्रहार म्हणजे राजाने दान दिलेलं गाव. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत अशा दानाच्या अटी खोदलेल्या असतात आणि त्यांत एक शब्द हमखास येतो: अचाटभटप्रवेश्य. चाट आणि भट, म्हणजे राजाचे शिपाई-प्यादे, यांनी या हद्दीत शिरायचं नाही. राजा आपल्याच माणसांना अडवतो आहे आणि ते तांब्यावर लिहून देतो आहे. भाचीच्या पडद्यावर उमटलेली ओळ दुसरं काय सांगत होती?

गरीब कारकुनाचीच ही भानगड कशाला, भाचीच्या नावानेच मशीन चालवलं तर? तसंही करता येतं. पण मग २०१५ चा मे महिना आठवावा लागतो. तेव्हा ‘व्हेनम’ नावाचा दोष उघडकीला आला. क्यूएमूमध्ये फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारा एक कोपरा होता. फ्लॉपी! कॉलेजातल्या मुलांना ती ‘सेव्ह’ बटणावरचं चित्र म्हणून माहीत. त्या आभासी फ्लॉपीच्या कोडमध्ये २००४ पासून एक भोक होतं आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत बसलेला लबाड त्यातून बाहेर, खऱ्या संगणकावर येऊ शकत होता. बाहेर आल्यावर त्याच्या हाती काय लागेल? क्यूएमू ज्या युजरच्या नावाने चालत असेल, त्याचे सगळे हक्क. तो युजर भाची असेल तर तिचे फोटो, किल्ल्या, ऑफिसचं कोड. तो कंगाल कारकून असेल तर फारसं काहीच नाही.

रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या मंडळींनी याच्याही पुढे जाऊन २००९ पासून एसव्हर्ट नावाची सोय आणली होती. देवळाबाहेरचा चप्पल स्टँड डोळ्यांपुढे आणा. एक बिल्ला चपलेला, तसाच दुसरा तुमच्या हातात. इथे प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला सुरू होताना एक बिल्ला मिळतो, तोच तिच्या डिस्कला लागतो, आणि दुसऱ्या बिल्ल्याच्या डिस्कला हात लावायची मनाई. हे बिल्ले म्हणजे एसईलिनक्स या लिनक्सच्या पहारा-यंत्रणेची लेबलं. यात एक खोच आहे, आणि अपग्रेडच्या वेळी जागा कमी पडली म्हणून फाइली हलवणाऱ्याला ती हटकून बोचते. फाइल ‘मूव्ह’ केली तर ती जुन्या जागेचं लेबल घेऊन येते. ‘कॉपी’ केली तर नव्या जागेचं लेबल लागतं. म्हणजे एकाच फाइलची कॉपी चालते आणि मूळ फाइल चालत नाही. माणूस वेडा व्हायची पाळी येते. रिस्टोरकॉन ही आज्ञा दिली की लेबलं जागेवर येतात. पण हे ठाऊक नसलेली माणसं एसईलिनक्सच बंद करून मोकळी होतात आणि पुढे ते चालू करायचं विसरतात.

वाटेतली दारं आणि लेबलं यांच्यानंतर अडण्याचा तिसरा प्रकार आकड्यांचा. फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं असतं असं आपल्याला वाटतं. लिहिलेला असतो नुसता क्रमांक. गिरणीच्या मस्टरवर कामगार जसा बिल्ल्याच्या नंबराने ओळखला जाई, तसं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ साली, सामान्य माणसांचे क्रमांक ५०० ऐवजी १००० पासून द्यायला सुरुवात झाली. जुन्या मशीनवरचा बॅकअप नव्यावर उतरवला की फाइली म्हणतात आम्ही पाचशे नंबरच्या, आणि पाचशे नंबरचा कोणी गावातच नाही. नाव तेच, चेहरा तोच, तरी वारस लागत नाही. तलाठ्याकडे खेटे घातलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. व्हर्च्युअल मशीनची गोष्ट बहुतेक ठिकाणी १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरपासून सुरू करतात आणि क्लाउडच्या जयजयकारात संपवतात. रॉबर्ट क्रीझीचं नाव त्यात येत नाही. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये काम करणाऱ्या या माणसाने १९६४ च्या नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या आठवड्यात आर्लिंग्टनहून केंब्रिजला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या बसल्या ठरवलं की आपण व्हर्च्युअल मशीन बनवायचं. त्याला आठवत होतं त्याप्रमाणे तो मंगळवार असावा. मी कॅलेंडर काढून पाहिलं. त्या आठवड्यातला मंगळवार २९ तारखेला येतो. (ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मेट्रो सुरू होण्याआधी सिल्क बोर्डच्या चौकात बसमध्ये अडकून इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या लोकांनी असे किती निर्णय घेतले असतील!) जानेवारी १९६७ पर्यंत क्रीझी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सीपी-४० ही प्रणाली रोजच्या वापरात आली. एका आयबीएम ३६० मॉडेल ४० यंत्राची चौदा यंत्रं. प्रत्येकाला वाटे की २५६ के मेमरीचं अख्खं मशीन आपल्या एकट्याचंच आहे.

हे साधलं कसं, ते भाचीला कळावं असं मला फार वाटतं. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला आपण राजा आहोत असं वाटत असतं, पण तिला सामान्य प्रजेच्या पातळीवर चालवलेलं असतं. ती जेव्हा राजाचा एखादा हुकूम सोडते, उदाहरणार्थ ‘डिस्क फिरव’, तेव्हा प्रोसेसर म्हणतो, तुला हा अधिकार नाही, आणि काम थांबवून वरच्या नियंत्रकाकडे तक्रार करतो. नियंत्रक ती तक्रार पकडतो, मागितलेलं काम आपल्या पद्धतीने करून देतो आणि आतलीला परत चालू करतो. तिला पत्ताही लागत नाही. व्हर्च्युअल मशीन चालतं ते असं, सेकंदागणिक असंख्य वेळा मिळणाऱ्या ‘परमिशन डिनाइड’वर.

प्रोसेसरने नकार दिलाच नाही तर मात्र पंचाईत. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी नेमकी हीच अट मांडली: यंत्राच्या स्थितीला हात लावणारी प्रत्येक सूचना अनधिकाराने दिली गेली तर ती अडलीच पाहिजे. घराघरांत पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांनी ही अट धाब्यावर बसवली होती. त्यांच्या सतरा सूचना या कसोटीला उतरत नाहीत, असं पुढे २००० साली मोजलं गेलं. त्यातली एक पॉप-एफ. इंटरप्ट बंद करायचा अधिकार नसलेल्याने तिच्यामार्फत ते करू पाहिलं, तर ती होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. गुपचूप पुढे सरकते. नकार कानावर येत नसेल तर नियंत्रकाने पकडायचं काय? व्हीएमवेअरचं खरं कर्तृत्व इथे आहे. आतल्या सिस्टीमचं कोड चालण्याआधीच वाचायचं आणि अशा मुक्या सूचना जागच्या जागी बदलून टाकायच्या, ही त्यांची युक्ती १९९९ साली बाजारात आली. इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय केली २००५ च्या अखेरीस, एएमडीने २००६ मध्ये. क्रीझीच्या बसनंतर चाळीस वर्षांनी.

तर भाचीला मी ‘नेमआय’ ही आज्ञा मायनस-एल लावून चालवायला सांगितली. ती वाड्याची सगळी दारं एकाखाली एक दाखवते, प्रत्येकाचा मालक आणि प्रत्येकाची परवानगी. तिच्या नावाच्या फोल्डरवर जगासाठी तीन आडव्या रेघा होत्या. सापडलं. आता दोन वाटा: त्या एका दारातून फक्त त्या कारकुनाला पुढे जायची मुभा द्यायची, किंवा डिस्क-फाइल डाउनलोड्समधून उचलून लिबव्हर्टच्या स्वतःच्या कोठारात ठेवायची. मी दुसरी सुचवली. डाउनलोड्स ही काही यंत्र ठेवायची जागा नव्हे.

एवढ्यावर भागलं नाही. तिने स्वतःला लिबव्हर्टच्या गटातही घातलं होतं, तरी जोडणी मिळेना. हे सोपं होतं. तुमचे गट लॉगिन करताना एकदाच मोजले जातात, सकाळी गेटवर मिळणाऱ्या व्हिजिटर पाससारखे. दुपारी साहेबाने यादीत तिसरा मजला वाढवला तरी छातीवरचा पास सकाळचाच असतो. बाहेर जाऊन परत आत यावं लागतं. ‘‘लॉगआउट कर, चहा पिऊन ये,’’ असं कळवलं.

संध्याकाळी मेसेज आला, मशीन चालू. मी विचारलं, ‘‘आणि फाइलवरचं ते ७७७ काढलंस ना?’’

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.