कोल्हापुरातील पारंपरिक वस्तूंची बाजारपेठ

कोल्हापूर हे पश्चिम महाराष्ट्रातील पंचगंगा नदीकाठचे ऐतिहासिक शहर असून चामडी चपला, गूळ, साज व ठुशी हे दागिने आणि कांदा-लसूण मसाला यांच्या खरेदीसाठी प्रसिद्ध आहे. श्री अंबाबाईच्या (महालक्ष्मीच्या) दर्शनाला येणारे भाविक परतताना यांपैकी एखादी वस्तू सोबत नेतात. ‘कोल्हापुरी’ हे विशेषण लावून विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू मात्र केवळ शहरात तयार होत नाहीत. शहर ही त्यांची पेठ आहे. त्यांची निर्मिती जिल्ह्यातील व सीमेपलीकडील कर्नाटकातील गावांमध्ये होते. अस्सल वस्तू ओळखण्यासाठी दुकानाच्या पत्त्यापेक्षा कच्चा माल, घडणीची रीत आणि घडवणारे हात यांची माहिती अधिक उपयोगी पडते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

छत्रपतींच्या करवीर संस्थानची राजधानी आणि तीर्थक्षेत्र या दुहेरी स्थानामुळे कोल्हापुरात कारागिरांना दीर्घकाळ आश्रय व गिऱ्हाईक मिळत राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) व्यापाराला विशेष उत्तेजन मिळाले. गुळाच्या व्यापारासाठी त्यांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवली. कोकण, देश आणि कर्नाटक यांना जोडणाऱ्या वाटा येथे एकत्र येत असल्याने तिन्ही प्रदेशांतील माल या बाजारात येतो.

प्रमुख बाजारपेठा

जुन्या शहरातील खरेदीचा मुख्य भाग अंबाबाई मंदिराभोवती आहे. मंदिराच्या पश्चिम दरवाजासमोरील महाद्वार रोडवर कापड, पूजासाहित्य व दागिने मिळतात. सराफी पेढ्यांच्या गल्लीस गुजरी म्हणतात. भवानी मंडपाजवळची चप्पल लाइन ही चपलांच्या दुकानांची ओळ आहे. गुळाची घाऊक उलाढाल शेती उत्पन्न बाजार समितीच्या श्री शाहू मार्केट यार्डात होते.

कोल्हापुरी चप्पल

कोल्हापुरी चप्पल ही वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची, हाताने बांधलेली पायताणाची जात आहे. कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवून, केस काढून, बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात कमावले जाते. परंपरेने कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि चपला बांधण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. कुटुंबातील पुरुष तळवा कापतात व जोडतात, तर वेणी विणण्याचे आणि नक्षीचे नाजूक काम बहुधा स्त्रिया करतात. तळव्याचे थर चामड्याच्याच बारीक वादीने शिवले जातात. पारंपरिक जोडात खिळा नसतो.

चपलेच्या अनेक प्रकारांना गावांची नावे आहेत. कागल तालुक्यातील सेनापती कापशीवरून कापशी आणि कुरुंदवाडवरून कुरुंदवाडी ही नावे पडली. कर्नाटकातील अथणी, मदभावी व निपाणी ही गावेही या व्यवसायाची जुनी केंद्रे आहेत. म्हणूनच २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांचे आहे. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश होतो. अथणीत बांधलेला जोड चप्पल लाइनमध्ये विकला गेला, तर त्यात फसवणूक नाही. रेक्झिनचा किंवा यंत्राने चिकटवलेला जोड त्याच नावाने विकला गेला, तर ती फसवणूक ठरते, मग तो कोल्हापूर शहरातच तयार झालेला का असेना.

अस्सल जोड ओळखण्याच्या काही खुणा कारागीर सांगतात. तळव्याच्या कडेला चामड्याचे थर व वादीचे टाके दिसतात. वास चामड्याचा व सालीचा असतो, रसायनाचा नसतो. रंग मुळात फिका बदामी असून तेल व वापर यांमुळे गडद होत जातो. दोन पायांतील चपलांच्या नक्षीत किंचित फरक असतो, कारण त्या हाताने केलेल्या असतात. नवी चप्पल काही दिवस चावते; तेल लावून थोडी थोडी वापरल्यावर ती पायाचा आकार घेते. पावसात ती वापरू नये.

गूळ

कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर येणारी मळी काढतात आणि पाक योग्य वेळी उतरवून साच्यात ओततात. ही वेळ ओळखणारा गुळव्या हा गुऱ्हाळाचा मुख्य जाणकार असतो. काही क्षणांच्या फरकाने गुळाची चव व टिकाऊपणा बदलतो. एक टन उसापासून सुमारे १०० ते १२० किलो गूळ मिळतो. घाऊक बाजारात मोठ्या ढेपेस ‘रवा’ म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतात आणि हंगाम पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो.

गुळाच्या खरेदीत रंग हा फसवा निकष आहे. ग्राहकांना पिवळाधमक गूळ आवडतो, म्हणून तो उजळण्यासाठी काही ठिकाणी रसायनांचा अतिरेक होतो. रसात साखर मिसळण्याचेही प्रकार घडतात. साधा, कमी प्रक्रियेचा गूळ तपकिरी छटेचा असतो. त्याला उसाचा वास येतो आणि चवीत खारटपणा जाणवत नाही. इतर भागांतील गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो, तेव्हा नुकसान केवळ ग्राहकाचे होत नाही. आधीच मजूर व इंधन यांच्या खर्चाने अडचणीत आलेल्या गुऱ्हाळचालकाच्या मालाचा भावही त्यामुळे पडतो.

साज, ठुशी आणि हुपरीची चांदी

कोल्हापुरी साज हा सोन्याचा पारंपरिक गळ्यातील अलंकार आहे. त्यातील पानांची संख्या सामान्यतः २१ सांगितली जाते. त्यांत दशावतार व अष्टमंगल यांची चिन्हे असतात. ठुशी हा बारीक मण्यांचा, गळ्यालगत बसणारा दागिना आहे. दोन्ही दागिने सोन्याचा मुलामा दिलेल्या स्वरूपातही मिळतात. मुलाम्याचा दागिना मुलाम्याचा म्हणूनच विकला गेला, तर त्यात गैर काही नाही. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कसह सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक आवश्यक आहे. तो तपासून पक्की पावती घेणे इष्ट होय.

चांदीच्या वस्तूंचे केंद्र हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे आहे. येथील घराघरांतून पैंजण व इतर दागिने घडवले जातात आणि देशभरातील बाजारांत जातात. तेथे त्यांची ओळख क्वचितच हुपरीच्या नावाने होते.

मसाला व इतर खाद्यपदार्थ

कोल्हापुरी स्वयंपाकाचा आधार असलेल्या कांदा-लसूण मसाल्यास घरोघरी ‘चटणी’ म्हणतात. उन्हाळ्यात वर्षभराची चटणी करून ठेवण्याची पद्धत आहे. मिरच्या वाळवून, कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धने व गरम मसाले तेलात भाजून हे सर्व कांडप यंत्रावर एकत्र कुटतात. तिखटपणासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी मिरची वापरतात. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात व ब्याडगी हावेरी जिल्ह्यात आहे. म्हणजे कोल्हापुरी तिखटाचा मोठा भाग कर्नाटकातून येतो. चांगली चटणी केवळ जहाल नसते. तिला भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा खमंगपणा असतो. भडक लाल रंग व नुसता जाळ असलेले तिखट येथील चवीचे प्रतिनिधित्व करत नाही.

जयसिंगपूरचे भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ हेही जिल्ह्यातील पदार्थ शहराच्या बाजारात मिळतात.

भौगोलिक मानांकन व त्याच्या मर्यादा

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला व २००३ पासून अमलात आला. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. मानांकन मिळाल्याने त्या प्रदेशातील प्रत्येक वस्तू आपोआप प्रमाणित होत नाही. उत्पादकाला स्वतंत्रपणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. लहान कारागिरांपैकी अनेकजण या प्रक्रियेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे नोंदणी नसलेला जोडही अस्सल असू शकतो.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीशी साम्य असलेल्या चपला श्रेय न देता सादर केल्या. टीकेनंतर कंपनीने त्यांचे मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्याशी सामंजस्य करार केला. दरम्यान, कारागीर व उत्पादनाची माहिती देणारे क्यूआर कोड चपलांवर लावण्यास महाराष्ट्रातील महामंडळाने सुरुवात केली.

या प्रकरणाने परदेशातील अनुकरणाकडे लक्ष वेधले. बनावट मालाची मोठी बाजारपेठ मात्र देशातच आहे. मुंबईसह अनेक शहरांच्या पदपथांवर कृत्रिम चामड्याच्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून स्वस्तात मिळतात. हाताने बांधलेल्या जोडामागे कातडे कमावण्यापासून नक्षीपर्यंत अनेक दिवसांचे व अनेकांचे श्रम असतात. त्याची किंमत त्या भावात बसत नाही. वाजवी मोबदला न मिळाल्यास कारागिरांची पुढची पिढी या व्यवसायात राहत नाही. कापशीत चप्पल बांधणारा, गुऱ्हाळावर पाक पारखणारा आणि हुपरीत पैंजण जोडणारा कारागीर त्याच कामावर टिकून राहणे हे ‘कोल्हापुरी’ या नावाच्या टिकण्याशी थेट जोडलेले आहे.