पहिल्या घराचा नंबर शून्य!

बालमित्रांनो, सोलापूरची गड्ड्याची जत्रा तुम्हाला ठाऊक असेलच. जानेवारीत, भोगीच्या सुमारास, सिद्धेश्वरांच्या सात उंचच उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, वाजतगाजत निघतात आणि शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो.

आता समजा, मिरवणूक कुठल्या लिंगापाशी किती मिनिटांनी पोचली, हे आपल्याला संगणकात भरायचंय. आकडे झाले ६८. मग त्यांना ६८ वेगवेगळी नावं द्यायची? हात मोडून येतील! डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार केलेल्या 'सी' भाषेत हे एका ओळीत होतं. (संगणकावर अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचं.)

इंट वेळ[६८];

हा झाला 'ॲरे'. गिरणीच्या चाळीत एकाला एक लागून खोल्या असतात ना, तशी ही ६८ घरं. नाव सगळ्यांचं एकच, नंबर मात्र वेगळा. गंमत म्हणजे पहिल्या घराचा नंबर एक नाही, शून्य! शेवटचं घर ६७वं.

असं का बरं? कारण 'सी'च्या दृष्टीने तो नंबर म्हणजे दारापासूनचं अंतर. समजा चाळ १००० या पत्त्यावर सुरू होते आणि प्रत्येक घर ४ बाइटचं आहे. मग वेळ[५]चा पत्ता १००० + ५ × ४, म्हणजे १०२०. पहिल्या घरासाठी पुढे सरकायचंच नाही, म्हणून शून्य. ६७वं घर गाठायलाही एकच गुणाकार अन् एक बेरीज. मधल्या दारांवर टकटक नाही.

आता जरा सावध व्हा. कुणी वेळ[६८] असं लिहिलं तर? ते घर आपलं नाहीच, शेजाऱ्याचं आहे. पण 'सी' हटकत नाही. खुशाल तिथे आकडा लिहून टाकते आणि शेजाऱ्याची माहिती पुसली जाते. लूपमध्ये '< ६८'ऐवजी '<= ६८' लिहिलं, की झालाच घोटाळा. माझ्या मते शिकणाऱ्याने सगळ्यात आधी हीच खोड ओळखावी. नोव्हेंबर १९८८मध्ये अमेरिकेत 'मॉरिस वर्म' नावाचा प्रोग्रॅम हजारो संगणकांत घुसला. त्याची एक वाट अशीच होती. ५१२ बाइटच्या ॲरेमध्ये त्याने ५३६ बाइट कोंबले. उरलेले २४ शेजारी सांडले आणि तिथून त्याने संगणकाचा ताबा घेतला!

ॲरे दोन दिशांचाही असतो. सोलापुरी चादर पाहा. तिची नक्षी जॅकार्ड मागावर उठते. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४च्या सुमारास हा माग बनवला. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक असेल तर ताण्याचा धागा वर, नसेल तर खाली. म्हणजे एक आणि शून्यच की! पट्टी म्हणजे ओळ, भोकाची जागा म्हणजे स्तंभ. 'सी'त लिहायचं नक्षी[८][८]. संगणक मात्र या ओळी एकापुढे एक, सरळ रांगेतच ठेवतो. त्यामुळे नक्षी[२][३] हे सुरुवातीपासून २ × ८ + ३, म्हणजे १९ घरं पुढे.

चौकटीच्या वहीत ८ बाय ८ची एखादी वेलबुट्टी काढा. भरलेल्या चौकटीत १, रिकामीत ० लिहा. मग नक्षी[७][७] हे सुरुवातीपासून किती घरं पुढे, ते काढून पाहा. उत्तर ६४ येत असेल तर तुम्ही शेजाऱ्याच्या घरात शिरलात!