अवमंदक, रेडिओनियंत्रित मोटारगाड्यांतील

रेडिओ संदेशांनी दूरवरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या मोटारगाडीच्या निलंबन यंत्रणेतील स्प्रिंगांची आंदोलने शमविणाऱ्या साधनाला अवमंदक म्हणतात. व्यवहारात त्याला ‘शॉक ॲब्सॉर्बर’ असेही म्हणतात. परंतु हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. धक्का मुख्यतः स्प्रिंग झेलते. तिच्यात साठलेल्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे हे अवमंदकाचे कार्य होय. अवमंदक नसल्यास उंचवट्यावरून गेलेली गाडी बराच वेळ वरखाली होत राहते. त्या काळात चाकांवरील भार सतत बदलतो, टायरांची जमिनीवरील पकड सुटते आणि गाडी वळविणे वा थांबविणे कठीण होते.

रचना : स्वस्त खेळण्यांत केवळ स्प्रिंग असते वा पृष्ठभागांच्या घर्षणाने आंदोलने रोखली जातात. शर्यतीच्या गाड्यांत तेलाचे अवमंदक वापरतात. ॲल्युमिनियमाच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळकांड्यात सिलिकोन तेल भरलेले असते व त्यात दंडाला जोडलेला, बारीक छिद्रे असलेला दट्ट्या सरकतो. नळकांड्याभोवती स्प्रिंग बसविलेली असते. दंड आत शिरताना तो तेलाची जागा व्यापतो; तेल दाबले जात नसल्यामुळे टोपणाखाली लवचिक रबरी पटल बसवून किंवा तेलाबरोबर थोडी हवा ठेवून ही जागा उपलब्ध करतात. 1984 मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘आरसी-10’ या गाडीत असे अवमंदक होते.

कार्य : चाक उचलले गेले की, दट्ट्या सरकतो व तेल छिद्रांतून पलीकडे जाते. तेलाची श्यानता जितकी जास्त व छिद्रे जितकी लहान तितका विरोध अधिक. दट्ट्या संथ सरकताना प्रवाह स्तरीय असतो व विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो. उडीनंतर गाडी जमिनीवर आदळताना प्रवाह संक्षुब्ध होऊन विरोध जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे लहान छिद्रे व पातळ तेल आणि मोठी छिद्रे व दाट तेल या दोन जोड्या संथ गतीत सारख्या वाटल्या, तरी उडीनंतर पहिली अधिक ताठर होते. तिच्यामुळे गाडीचा तळ जमिनीवर आपटत नाही. मात्र खडबडीत मार्गावर चाके उसळतात.

आकारमानाचा परिणाम : स्वतःच्या वजनाने स्प्रिंग 20 सेंमी. दबत असल्यास आंदोलनांची कंप्रता सेकंदास सुमारे 1.1 असते. मोठ्या मोटारीत ती साधारणपणे याच सुमारास असते. एकदशांश प्रमाणातील गाडीची स्प्रिंग 1 सेंमी. दबत असल्यास कंप्रता सुमारे 5 होते. त्यामुळे लहान गाडीतील अवमंदकाला आपले काम मोठ्या गाडीच्या सुमारे एकपंचमांश वेळात उरकावे लागते.

निवड व निगा : तेलाची श्यानता सेंटिस्टोक या एककात देतात. ती तापमानाबरोबर घटते. सिलिकोन तेलात ही घट खनिज तेलापेक्षा कमी असते. तरीही थंड हवेत पातळ व उन्हाळ्यात दाट तेल वापरणे इष्ट ठरते. तेल भरताना दट्ट्या हळूहळू वरखाली करून त्याखाली अडकलेले बुडबुडे काढून टाकतात. दंडाभोवतालची रबरी कडी झिजल्यास तेल गळते व विरोध कमी होतो. एकाच आसावरील दोन्ही अवमंदकांचा विरोध सारखा नसल्यास गाडी डाव्या व उजव्या वळणावर निरनिराळी वागते.