प्लेगच्या दिवसांतील पुणें : घरतपासणीचे कागद व त्यांचें वाचन

जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या गृहस्थांची दृष्टि बहुधा पेशवाईच्या अखेरीच्या अलीकडे येत नाहीं. रुमाल सोडला आणि वरचा कागद मोडींत दिसला, कीं हात आपोआप सावध होतो. तोच कागद छापील निघाला, त्यावर इंग्रजी सन व सरकारी मोहोर दिसली, कीं तो रद्दीच्या ढिगांत जातो. प्रस्तुत लेख त्या ढिगाच्या वकिलीसाठीं लिहिला आहे. इ. स. १८९६ पासून पुढील पांच-सहा वर्षांत मुंबई-पुण्याकडील अनेक घरांत प्लेगसंबंधीं कांहीं ना कांहीं कागद शिरला असला पाहिजे. कोठें जाहीरनामा, कोठें टोंचणीचा दाखला, कोठें माणूस इस्पितळांत नेल्याची बातमी कळविणारें पत्र, तर कोठें माळावर झोपडी घातल्याच्या खर्चाची वहींतील नोंद. हे कागद एका प्रश्नाचा उलगडा करण्यास उपयोगी आहेत. सांथीच्या काळांत लोकांचे प्राण वांचविण्यासाठीं सरकारनें माणसाच्या घराला, देहाला व देवघराला कोठपर्यंत हात घालावा, आणि तो कोणाच्या हातानें घालावा, असा तो प्रश्न आहे.

रोगाचें निदान प्रथम सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं केलें. ऑक्टोबराच्या आरंभीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं रोग्यांस सक्तीनें वेगळें काढण्याचा अधिकार जाहीर केला. त्याच महिन्यांत गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला व हुकूम सैल करावा लागला. इस्पितळांत नेलेला माणूस परत येत नाहीं, ही समजूत लोकांत पसरली होती. ती अगदींच निराधार होती असें नाहीं, कारण तेथें नेलेले पुष्कळ रोगी मरतच होते. लोक शहर सोडून पळूं लागले, व फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती बाहेर पडली.

अशा स्थितींत ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं हिंदुस्थान सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा, म्हणजे त्या सालचा तिसरा ॲक्ट, मंजूर केला. हा कायदा मुळांतून वाचावा अशी आमची वाचकांस विनंति आहे. त्यास फार वेळ लागणार नाहीं, कारण तो अवघ्या चार कलमांचा होता. पहिल्यांत नांव, दुसऱ्यांत अधिकार, तिसऱ्यांत शिक्षा व चौथ्यांत संरक्षण. दुसऱ्या कलमाचा आशय असा कीं, चालू कायदे अपुरे आहेत असें सरकारास वाटल्यास त्यानें जरूर ते उपाय स्वतः योजावे किंवा कोणासही ते योजण्याचा अधिकार द्यावा. रेल्वेच्या उतारूंची तपासणी आणि संशयितांस इस्पितळांत किंवा तात्पुरत्या जागीं वेगळें ठेवणें यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख होता. हुकूम मोडणारास पीनल कोडाच्या १८८ व्या कलमाची शिक्षा. चौथ्या कलमान्वयें या कायद्याखालीं सद्भावनेनें केलेल्या, किंवा करूं म्हटलेल्या, कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालावयाचा नाहीं. अधिकार कोठें थांबावा, तो किती दिवस चालावा, चूक झाल्यास रयतेनें कोणाकडे जावें, याविषयीं कायदा मुका आहे. नुकसानभरपाईचा शब्द त्यांत आहे खरा, पण ती द्यावयाची कीं नाहीं हें सरकारच्या मर्जीवर. या चौथ्या कलमाकडे संशोधकानें विशेष लक्ष द्यावें. त्याचें कारण पुढें येईल.

पुण्यास प्लेग-समिति नेमली गेली, व तिच्या मुखत्यारीवर वॉल्टर चार्ल्स रँड या सिव्हिलियनाची साताऱ्याकडून योजना झाली. कर्नल फिलिप्स व हाँगकाँगच्या सांथीचा अनुभव घेतलेले डॉ. बेव्हरिज हे त्यांचे सहकारी. शके १८१८ च्या फाल्गुनांत, १३ मार्च १८९७ पासून, शहरांत घरतपासणी सुरू झाली, ती १९ मेपर्यंत चालली. तीवर गोरे व देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई होते, आणि लोकांच्या स्मरणांत राहिले ते डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे सोजीर. तपासणीस तीन दिवस उरले असतां, १० मार्च रोजीं, पुण्याजवळच सावित्रीबाई फुले यांचा प्लेगनेंच अंत झाला. पुत्र यशवंतराव यांनीं चालविलेल्या दवाखान्यांत त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. शहर एकाच आठवड्यांत सेवेचा व सक्तीचा असे दोन मार्ग पाहत होतें, हें सोजिरांची हकीकत सांगतांना बहुधा विसरलें जातें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुण्याचे पुढारी रोग्यांस वेगळें ठेवण्याच्याच विरुद्ध होते, असें कित्येक इंग्रज लेखकांनीं सुचविलें आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. लोकमान्य टिळक सांथींत शहर सोडून गेले नाहींत. हिंदूंसाठीं स्वतंत्र प्लेगचें इस्पितळ उघडण्यांत ते प्रमुख होते, आणि शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांस त्यांनीं दोषही दिला. तेव्हां संसर्ग टाळण्यासाठीं व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन पडतें, हें तत्त्व दोन्ही पक्षांस मान्य होतें. वाद होता तो बंधन घालणाराचा. ज्यास भाषा कळत नाहीं, सोंवळें-ओंवळें ठाऊक नाहीं, घरांतील बायकांस हांक कशी मारावी हें माहीत नाहीं, अशा परक्या शिपायानें देवघरांतून व माजघरांतून फिरावें कीं नाहीं? सरकारचें उत्तर असें कीं, देशी नोकर लांच खातील, गोरा शिपाई शिस्तीचा. हें उत्तर सर्वस्वीं खोटें होतें असेंही आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु लांच न खाणें व घरांत शिरण्यास योग्य असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नेमस्त व जहाल या दोन्ही पक्षांच्या पत्रांनीं त्या उन्हाळ्यांत सोजिरांच्या वर्तनावर टीका केली. ‘केसरी’च्या जोडीनें ‘सुधारक’ही तितकाच तिखट लिहीत होता, एवढ्यावरून हा प्रश्न पक्षभेदाचा नव्हता हें उघड होतें.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ रोजीं, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्रीं, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच व रँड ३ जुलै रोजीं मरण पावले. चाफेकर बंधु फांसावर गेले. टिळकांस राजद्रोहाच्या खटल्यांत अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

आतां कागदांकडे वळूं. रँड यांच्या अहवालांतील एक विधान पुष्कळ ठिकाणीं उद्धृत होतें. त्याचा मतलब असा कीं, स्त्रियांच्या अब्रूस बुद्धिपुरस्सर धक्का लावल्याची एकही विश्वसनीय तक्रार समितीकडे अथवा शिपायांवरील अंमलदारांकडे आली नाहीं. हें विधान कोणी खरें म्हणून स्वीकारतो, कोणी खोटें म्हणून झुगारतो. आमचें म्हणणें असें कीं तें आधीं नीट वाचावें. ‘बुद्धिपुरस्सर’ म्हणतांच निष्काळजीपणानें, अज्ञानानें वा उद्दामपणानें झालेलें सर्व कांहीं बाहेर पडलें. ‘विश्वसनीय’ हें कोणी ठरविलें, तर ज्यांच्यावर तक्रार त्यांच्याच वरिष्ठांनीं. आणि तक्रार ‘आली नाहीं’ म्हणावें, तर ती येण्यास वाट कोणती होती? चौथ्या कलमानें दिवाणी-फौजदारी कोर्टाचा दरवाजा जवळजवळ लोटूनच घेतला होता. अब्रूची गोष्ट कुलीन घरच्या स्त्रीनें परक्या साहेबापुढें सांगावी ही अपेक्षाच अजब. सरदार नातू बंधूंपैकीं बाळासाहेबांनीं तपासणीविषयींचीं गाऱ्हाणीं सरकारपुढें मांडलीं होतीं. जुलै १८९७ मध्यें दोघांही बंधूंस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेवण्यांत आलें. तक्रार हेंच अटकेचें कारण, असें आम्ही म्हणत नाहीं; खुनानंतर सरकारचा संशय सर्वत्रच फिरत होता. परंतु त्यानंतर दुसरा कोण लेखी गाऱ्हाणें घेऊन पुढें येणार?

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितक्याच कसोशीनें पाहिला पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा व त्यांपैकीं एकीनें प्राण दिल्याचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मध्यें केला. स्वदेशीं परतल्यावर पत्रलेखकांपैकीं कोणीही पुढें येऊन साक्ष देईना, आणि गोखल्यांनीं बिनशर्त माफी मागितली. त्यांस पुढें वर्षानुवर्षें या माफीबद्दल बोल ऐकावे लागले. आमच्या मतें या प्रकरणावरून आरोप खोटा ठरला असें निघत नाहीं, तसा तो खराही ठरत नाहीं. इतकेंच निघतें कीं, तीं पत्रें चव्हाट्यावर आलीं नाहींत. दामोदर चाफेकरांनीं तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त हाही पुरावाच, पण तो सुधारकांचाही द्वेष करणाऱ्या आवेशी पुरुषाचा. त्यावरून त्याचें मन कळतें, घरोघरची हकीकत कळत नाहीं.

या सर्व खटाटोपाचें फळ काय? घरतपासण्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. एवढीं घरें पुण्यांत नव्हतीं, म्हणजे तींच घरें पुनःपुन्हां पाहिलीं गेलीं. त्यांत सांपडलेले रोगी साडेतीनशेंच्या आंत. मे महिन्यांत सांथ ओसरली हें खरें. पण उन्हाळा कडक झाला कीं दक्षिणेंत प्लेग ओसरतो, हें पुढील सांथींच्या अभ्यासानें सिद्ध झालें आहे, आणि पावसाळ्यानंतर तो पुण्यास पुन्हां आलाच. रोगाचा जंतु यर्सिननें १८९४ सालीं हाँगकाँगास शोधला होता, मात्र तो उंदराच्या पिसवेमार्फत माणसाला लागतो हें सिमाँ यानें कराचीस १८९८ मध्यें दाखविलें, आणि मुंबईच्या संशोधकांनीं १९०५ नंतर तें निर्विवाद केलें. म्हणजे १८९७ चा सोजीर ज्या घरांत माणूस धुंडाळीत होता, त्या घराचा खरा आरोपी वळचणींतून पळून जात होता. आपल्याकडील शेतकरी मात्र घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडून माळावर पाल ठोकी. तपासणीचा कोणताही हुकूम या शहाणपणाची बरोबरी करणारा नव्हता. रँड यांस हें ठाऊक नव्हतें याबद्दल त्यांस दोष देतां येत नाहीं. पण ज्ञान अपुरें असतां अधिकार अमर्याद घ्यावा, हा दोष कायद्याचा खराच.

सरकारासही हें उमगलें, पण किंमत मोजून. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईस मदनपुऱ्यांत एका विणकर घरांतील बारा वर्षांच्या मुलीची तपासणी करण्यावरून दंगा झाला. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनानें १८९८-९९ मध्यें देशभर साक्षी घेतल्या. सक्तीमुळें लोक रोगी लपवितात व त्यानेंच सांथ फैलावते, हें हळूहळू मान्य झालें. घरतपासणी मागें पडली, आणि माळावर राहणें व हाफकिन यांची लस टोंचून घेणें हे लोकांच्या राजीखुषीचे उपाय पुढें आले. हाफकिननें ही लस १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईस प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती. टोंचून घेतलेल्यास दाखला मिळे, व तो दाखविणारास वेगळें ठेवण्याच्या जाचांतून सूट असे. या राजीखुषीचें स्वरूपही तपासण्यासारखें आहे. ज्यास क्यांपांत जावयाचें नाहीं त्यानें दंड पुढें करावा, ही संमति कितपत मोकळी? तरीही सोजिराच्या बुटापेक्षां सुई बरी, असा लोकांचा कौल पडला असावा, असें आम्हांस वाटतें.

हा चार कलमी कायदा पुढेंही जिवंत राहिला. मार्च १९२० चा नव्हे, मार्च २०२० चा महाराष्ट्र सरकारचा करोनाविषयक नियमसंग्रह याच कायद्याच्या आधारें निघाला. त्याच वर्षीं एप्रिलांत वटहुकुमानें त्यांत भर घालावी लागली, ती दवाखान्यांतील सेवकांवर हल्ले करणारांस शिक्षा देण्यासाठीं. रयतेस दाद मागण्याची वाट मात्र त्या भरींतही निघाली नाहीं. त्या दिवसांचे कागद जमविणें १८९७ च्या कागदांहून कठीण जाणार आहे. जिल्ह्याबाहेर जाण्याचा परवाना बहुतेकांच्या दूरध्वनियंत्रांतच राहिला, आणि घरांत वेगळें राहण्याचा शिक्का डाव्या हातावर मारला होता, तो कातडीबरोबर झडून गेला.

सरकारी बाजूचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारांत जनरल खात्याच्या प्लेग-दप्तरांत बांधलेले आहेत; ‘केसरी’च्या फायली पुण्यास पाहावयास मिळतात. उणीव आहे ती घरच्या कागदांची. ज्या वाचकांच्या संग्रहीं १८९६ ते १९०२ च्या दरम्यानचीं खाजगी पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, टोंचणीचे दाखले, किंवा मद्रास इलाख्यांतील नातलगांकडून आलेले प्लेगचे पासपोर्ट असतील, त्यांनीं ते वेगळे काढून ठेवावे. पत्राची तारीख, तें कोणत्या पेठेंतून वा गांवांतून निघालें तें ठिकाण, आणि लिहिणाराचें नातें यांची टीप त्याच दिवशीं करावी. घरांतील वृद्धांनीं ऐकलेली हकीकत असल्यास ती कोणाच्या तोंडून ऐकली तेंही लिहावें. स्त्रियांचीं पत्रें विशेष जपावीं. तीं बहुधा तारखेवांचून असतात, आणि म्हणूनच प्रथम फेंकलीं जातात. सणवाराचा किंवा तिथीचा उल्लेख असला तर त्यावरून तारीख बसवितां येते.