ज्या घरात खून झाला, ते घर विकताना

घर घेताना आपण सर्च रिपोर्ट काढतो, इंडेक्स टू तपासतो, सोसायटीची थकबाकी विचारतो. त्या घरात कुणाचा खून झाला होता का, हे यांतल्या कुठल्याच कागदावर नसतं. बहुधा ते कळतं राहायला गेल्यावर, शेजारून. कॅलिफोर्नियात एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या बाबतीत असंच झालं. त्यांनी 76 हजार डॉलरला घर घेतलं आणि नंतर शेजाऱ्याकडून त्यांना समजलं की, दहा वर्षांपूर्वी तिथे एक स्त्री आणि चार मुलं मारली गेली होती. विकणाऱ्याने शेजाऱ्याला गप्प राहायला सांगितलं होतं, असाही त्यांचा आरोप होता. खालच्या न्यायालयाने दावा सुरुवातीलाच फेटाळला. 1983 मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. तिथे भुताखेतांचा प्रश्नच नव्हता. या इतिहासामुळे घर 65 हजारांचंच आहे, असं बाईंचं म्हणणं होतं आणि ते सिद्ध करण्याची संधी त्यांना मिळायला हवी, असं न्यायालयाने ठरवलं.

हा निकाल मला योग्य वाटतो. घेणारा स्वतः कितीही विवेकी असला, तरी उद्या त्याला तेच घर विकावं लागेल तेव्हा समोरचा माणूस तितका विवेकी असेलच असं नाही. भाव ठरतो तो अनेकांच्या मनातल्या धास्तीने, एकट्याच्या धैर्याने नव्हे. म्हणून जो ही गोष्ट दडवतो, तो आपल्या वाट्याचं नुकसान दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. भिंतीतली ओल नव्या रंगाखाली झाकून विकण्याइतकंच हे गैर आहे. शिवाय ज्याला खरोखरच भीती वाटत नाही, त्याला असं घर कमी किमतीत, समजून-उमजून घेता येतं. तो फायदाही आधी कळलं तरच मिळतो.

यावर पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नेमका उलटा कौल दिला. खून आणि आत्महत्या घडलेलं घर ते न सांगता विकलं गेलं होतं. असा इतिहास हा घराचा दोष नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मनाला खुपणाऱ्या गोष्टी विकणाऱ्याने सांगायच्या म्हटलं, तर थांबायचं कुठे, ही त्याची अडचण होती. अडचण खरी आहे, पण रेषा आखता येते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 1983 च्या त्या निकालानंतर तीन वर्षांची मुदत घातली: त्याहून जुना मृत्यू आपणहून सांगण्याची सक्ती नाही, मात्र विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. जपानने तर ही रेषा फार विचारपूर्वक आखली. तिथे घरात मृत्यू झाला की भाडं पडतं, म्हणून एकट्या वृद्धांना घर द्यायलाच मालक कचरू लागले होते. ऑक्टोबर 2021 मध्ये तिथल्या सरकारने मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हातारपणाने किंवा आजाराने आलेला, न्हाणीघरात पडून झालेला मृत्यू सांगण्याची सहसा गरज नाही. खून किंवा आत्महत्या मात्र भाडेकरूला साधारण तीन वर्षं सांगायची. घर विकताना या मुदतीची सवलत नाही. काय सांगायचं हे ठरल्यामुळे काय सांगायला नको हेही ठरलं, आणि त्याचा आधार म्हाताऱ्या भाडेकरूंना झाला.

अंधश्रद्धेला कायद्याने खतपाणी कशाला, असं जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात कुणी विचारील, आणि विचारायलाच हवं. पण घडलेली घटना सांगणं म्हणजे भूत मान्य करणं नव्हे. उलट दडवलेल्या घटनेभोवतीच कुजबुज वाढते. याहून अवघड आक्षेप दुसरा आहे: असं घर विकणारे पुष्कळदा त्याच घरातले वाचलेले लोक असतात. माणूस गेला, आता घराची किंमतही गेली. हा अन्याय आहेच. पण तो ज्याने गुन्हा केला त्याचा आहे, अनोळखी खरेदीदाराचा नाही. पीडितांना भरपाई देण्याची तरतूद आपल्या फौजदारी कायद्यात आहे. ती ठरवताना घराच्या पडलेल्या किमतीचाही हिशेब व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की, खरेदीदाराला साध्या काळजीने सापडणार नाही असा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करावा. तो न सांगणं कपट ठरतं. पण खुनाचा इतिहास हा असा ‘दोष’ आहे का, हे त्यात लिहिलेलं नाही. करार कायद्याचं कलम 17 नुसत्या मौनाला सहसा फसवणूक मानत नाही. फसवण्यासाठी जाणूनबुजून दिलेल्या खोट्या उत्तराला मानतं. म्हणून तूर्त खरेदीदाराच्या हाती एक साधन आहे: इसार देण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा आणि विकणाऱ्याचं उत्तर साठेखतात एक कलम म्हणून घालून घ्यावं.