कृष्णाकाठचं सिव्हिल

धरणं, पूल, उंच इमारती यांच्यावर भूकंपाचा काय परिणाम होतो हे संगणकावर पडताळून पाहण्यासाठी जगभरचे इंजिनिअर ‘अबॅकस’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. शिकाऊंसाठी त्यात काही सोडवलेली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक आहे 103 मीटर उंचीच्या, पायाशी सुमारे 70 मीटर रुंद अशा धरणाचं. भूकंपाची दहा सेकंदांची खरी नोंद त्याला लावायची आणि भेग कुठे पडते ते बघायचं. हे धरण कोयनेचं आहे आणि ती नोंद 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची.

त्या दिवशी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरलं. सुमारे 180 माणसं गेली, हजारो घरं पडली. धरण उभं राहिलं, पण त्याच्या न सांडणाऱ्या भागांतल्या अनेक खंडांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा गेल्या. मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, नेमक्या त्याच उंचीच्या आसपास त्या होत्या. धरणाचं गणित करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 0.05 पट धरला होता. धरणाच्याच गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं एका दिशेला 0.63 पट नोंदवला. पुढे बर्कलेला अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदीवर काम केलं आणि काँक्रीटच्या धरणांचा भूकंपीय अभ्यास कसा करायचा याची रीत बदलत गेली. त्याआधी दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं जवळजवळ निर्धोक मानलं जाई. 1970 च्या सुधारित भारतीय मानकात कोयना परिसर चौथ्या भूकंपक्षेत्रात गेला.

त्या पहाटे कोयनानगरहून साठेक किलोमीटरवर, कराडला कृष्णेच्या पलीकडच्या काठावर, सात वर्षांचं एक सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. सांगलीत, विश्रामबागेत, वीस वर्षांचं आणखी एक होतं. दोन्हीकडे सिव्हिल शिकवलं जात होतं. सातारा-सांगलीच्या सिव्हिल विभागांनी आजवर काय कमावलं याचा विचार मी करतो तेव्हा इमारती, जागा, मानांकनं यांच्याआधी मला एकच विचारावंसं वाटतं. ज्या भूमीवर हे विभाग उभे आहेत तिनं जगाला इतकं शिकवलं, त्यातलं किती या विभागांच्या हाती लागलं?

सांगलीची सुरुवात 1947 ची. सांगली तेव्हा संस्थानाची राजधानी होती. इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची तर मुलांना मुख्यतः पुण्या-मुंबईकडेच पाहावं लागे. अशा वेळी धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं आणि सुरू केलं ते सिव्हिलच्याच शिक्षणानं. संस्थान विलीन झालं, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. दरम्यान 1955 साली कॉलेजला शेठ वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी 1926 मध्ये काढणाऱ्या या सोलापूरच्या उद्योजकाचं नाव सिव्हिलनं सुरू झालेल्या कॉलेजला लागावं, हे शोभून दिसतं. कराडचं कॉलेज 1960 चं, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्याच वयाचं. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडचे. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दोन्ही कॉलेजं त्याच्या छत्राखाली आली.

त्या पिढीतल्या सिव्हिलच्या मुलाला कामाची वाण नव्हती. कोयनेचे टप्पे, धोम, कण्हेर, वारणा, त्यांचे कालवे, राज्यभरचे रस्ते अशी कामं समोर होती. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांना माणसं हवी होती. गावाकडच्या शेतकऱ्याच्या मुलानं सिव्हिलची पदवी घ्यावी आणि डेप्युटी इंजिनिअर होऊन जीपमधून साइटवर यावं, हे कृष्णाकाठचं एक खरंखुरं स्वप्न होतं. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांनी पुढे दुष्काळी तालुक्यांकडे पाणी चढवलं, त्यामागेही याच पिढीची आणि तिच्या नंतरच्यांची मेहनत आहे.

1983 मध्ये आणखी एक वळण आलं. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील सांगली जिल्ह्यातल्या पद्माळ्याचे. त्यांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील इंजिनिअरिंग कॉलेज, साखराळ्याजवळ राजारामबापू इन्स्टिट्यूट आणि बुधगावला वसंतदादांच्याच नावाचं कॉलेज सुरू झालं. या धोरणावर टीका झाली आणि तिच्यात तथ्य होतं. तरीही जावळी, खटाव, जत, आटपाडीच्या मुलामुलींना घरापासून हाकेच्या अंतरावर इंजिनिअर होता आलं ते यामुळेच, आणि हे मोल मी फार मोठं मानतो. 2007 मध्ये वालचंद कॉलेजला स्वायत्तता मिळाली, कराडचं सरकारी कॉलेजही पुढे स्वायत्त झालं. अभ्यासक्रम आपला आपण आखण्याचा अधिकार विभागांच्या हाती आला. माझ्या सगळ्या अपेक्षा या अधिकारावर बेतलेल्या आहेत.

सिव्हिल विभागाचं रोजचं काम बघायचं असेल तर मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये जावं. दाराशीच काँक्रीटचे क्यूब रचलेले असतात, सर्व बाजूंनी 150 मिलिमीटर. प्रत्येकावर रंगानं तारीख, कामाचं नाव, ग्रेड लिहिलेली. ठेकेदाराचा माणूस टेम्पोतून ते घेऊन आलेला असतो. 28 दिवस पाण्यात मुरलेला क्यूब पुसून मशिनच्या दोन पोलादी पाटांमध्ये बसवतात. एम-20 काँक्रीट असेल तर त्यानं 450 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 46 टन भार पेलायला हवा. भार ठरलेल्या गतीनं चढवायचा. घाई केली तर आकडा खोटा वाढतो. काटा चढत जातो, मग चारी बाजूंच्या कपच्या सुटतात आणि मधे दोन पिरॅमिड टोकाला टोक लावून उभे राहतात. असा फुटला तर क्यूब नीट भरलेला होता आणि भार सरळ बसला. एकाच बाजूनं तिरका फुटला तर जाणता लॅब असिस्टंट आकडा लिहिण्याआधी क्यूबच्या कडा तपासतो. हे पुस्तकातून येत नाही, मशिनपाशी काढलेल्या वर्षांतून येतं.

या तपासणीतून विभागांना उत्पन्न मिळतं आणि जिल्ह्याला भरवसा मिळतो. ग्रामपंचायतीच्या टाकीपासून राज्यमार्गाच्या पुलापर्यंत कॉलेजचा शिक्का असलेला अहवाल लागतो. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यावर क्रशसँड आली. तिच्यातली धूळ किती चालेल, मिक्स डिझाइन कसं बदलायचं, हे ठेकेदारांना याच लॅबनी दाखवलं. त्रयस्थ तपासणीची कामंही मोठ्या प्रमाणावर येतात. मला हे काम मोलाचं वाटतं. चिंता एवढीच वाटते की दुसऱ्यानं आणून दिलेला नमुना तपासण्यातच विभागाची बहुतेक ताकद संपते. क्यूब कुठल्या ढिगातून भरला हे लॅबला ठाऊक नसतं. शिवाय या प्रदेशाचे मोठे प्रश्न टेम्पोत मावत नाहीत.

त्यातला एक पायाखालीच आहे. कृष्णाकाठची काळी माती उसाला सोनं, पण घराला वैरी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडत आकसते. ती किती फुगते हे मोजण्याची सोपी चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं करतात. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची, एका नळकांड्यात पाणी ओतायचं आणि दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या वाचल्या की फरक डोळ्यांना दिसतो, चांगल्या काळ्या मातीत तो निम्म्याहून जास्त भरतो. ही चाचणी दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी शेकडो मुलं करतात. निकाल जर्नलमध्ये उतरतो, सही होते, जर्नल कपाटात जातं. प्रत्येक मुलानं आपल्या गावची माती आणली आणि गट नंबरसह निकाल एकत्र नोंदवला, तर काही वर्षांत गावोगावच्या मातीचा नकाशा तयार होईल. घरकुलाचा पाया किती खोल घ्यावा हे ग्रामसेवकालाही त्यावरून सांगता येईल.

दुसरा प्रश्न नदीचा. सांगलीत पावसाळ्यात माणसं पाण्याची चौकशी फुटात करतात. आयर्विन पुलापाशी किती फूट, एवढं विचारलं की पुरे. 1929 साली संस्थानकाळात झालेल्या या पुलाची पट्टी हे शहराचं मोजमाप झालं आहे. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. कुठल्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी येतं हे जुन्या सांगलीकराला पाठ असतं. 2005 मध्ये पाणी जवळजवळ 54 फुटांवर गेलं, लोकांना वाटलं याच्यापुढे काय जाणार! 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं. ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली. 2021 च्या जुलैत पुन्हा 55 फुटांच्या आसपास. त्याच जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले.

पुरानंतर दरवेळी तोच वाद पेटतो. कोयनेतून पाणी कधी सोडलं, अलमट्टी धरणाचा फुगवटा कुठवर येतो. 105 टीएमसीच्या कोयनेचा विसर्ग कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत उतरतो, हरिपूरला वारणा मिळते, आणि कराडच्या खाली नदीचा उतार मंदावून वळणं वाढलेली असतात. पुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं 2020 मध्ये अहवाल दिला. कर्नाटकाला अलमट्टीची पातळी 519.6 मीटरवरून 524 मीटरच्या पुढे न्यायची आहे, त्यामुळे वाद मिटणारा नाही. सभांमध्ये, मोर्चांमध्ये, वर्तमानपत्रांत या विषयावर सगळे बोलतात. माझ्या मते सगळ्यात मोठा आवाज इथल्या सिव्हिल विभागांचा असायला हवा, आणि तो मोजमापांच्या आधारानं उठायला हवा.

एक उदाहरण देतो. पूर किती चढेल याचं गणित करताना पात्राच्या आणि काठाच्या खडबडीतपणाला एक आकडा द्यावा लागतो. पोरं त्याला मॅनिंगचा ‘एन’ म्हणतात. पुस्तकातल्या तक्त्यात उभ्या पिकाच्या काठासाठी साधारण 0.03 ते 0.05 दिलेला असतो. तो तक्ता बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बारा फुटी, दाट, पाचटासकट उभा असलेला वाळव्याचा ऊस नव्हता. दोन्ही काठांनी मैलोन् मैल असा ऊस असेल तर पाणी किती अडतं, पातळी किती वाढते, हे कृष्णाकाठीच मोजावं लागेल. ‘हेक-रास’सारखं पुराचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ड्रोन आले, टोटल स्टेशन तर कधीचीच आली. वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी ऊस आहे. असा विषय एखाद्या विभागानं सलग दहा वर्षं लावून धरला तर त्याचा निकाल गोदावरीच्या, भीमेच्या काठालाही उपयोगी पडेल.

दहा वर्षं लावून धरायला माणसं लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावर आलेला तरुण शिक्षक मन लावून शिकवतो, पण पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्याला ठाऊक नसतं. नदीचा अभ्यास त्यानं कसा हाती घ्यावा? कायम असलेल्यांच्या डोक्यावर मानांकनाच्या फायली आहेत. पाण्याचा प्राध्यापक निवृत्त झाला की त्याचे विषय वाटून दिले जातात आणि त्यानं जमवलेल्या नोंदी कपाटात राहतात.

मुलांचीही ओढ बदलली. प्रवेशफेरीत कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा आधी भरतात. मधल्या काही वर्षांत अनेक कॉलेजांत सिव्हिलचे वर्ग निम्मे रिकामे राहिले. 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा काढली, तेव्हा कॉम्प्युटरच्या तुकड्या आणखी वाढल्या. पालकांना मी दोष देणार नाही. साइटवर बारा तास उन्हात उभ्या राहणाऱ्या नव्या इंजिनिअरला कंपनी जो पगार देते तो बघितला की बापाचा जीव मुलीला सिव्हिलला घालायला धजत नाही. जी मुलं येतात त्यातली बरीचशी तिसऱ्या वर्षापासूनच एमपीएससी आणि सरळसेवेच्या तयारीला अभ्यासिकेत बसतात. त्यांचं मन विभागात कसं रमवायचं, यावर पगाराचं उत्तर विभागाकडे नाही. पण आपल्या गावचा प्रश्न हातात दिला की मूल जागेवर बसतं, हे शिक्षकांना चांगलं माहीत आहे.

असा गावचा प्रश्न किती मोठा असू शकतो हे कोयनेनं दाखवून दिलं आहे. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कराडजवळ हजारमाचीला भूभौतिकी संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. कोयनेच्या भूकंपक्षेत्रात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. काळा पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खालचा ग्रॅनाइटसारखा खडक लागला. जगभरचे अभ्यासक या नमुन्यांकडे डोळे लावून असतात. कराडच्या मुलाला त्यासाठी एसटीचं तिकीटही मोठं पडत नाही. इमारतींचं भूकंपशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीला निदान एक प्रकल्प तिथे मिळावा, असा कायमचा करार विद्यापीठाच्या पातळीवर व्हायला हवा.

आणि सांगलीसाठी एक काम तर येत्या सुट्टीनंतरच सुरू करता येईल. सिव्हिलच्या मुलांचा सर्व्हे कॅम्प दरवर्षी होतोच. लेव्हल, स्टाफ, फील्डबुक घेऊन मुलं एखाद्या माळावर जातात आणि गेल्या वर्षीच्याच रेषा पुन्हा आखून येतात. तो कॅम्प गावभागात, मारुती चौकात, हरिपूर रस्त्यावर, नदीकाठच्या गावांत न्यावा. 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून सापडतात, घरच्या माणसांना तर त्या तोंडपाठ आहेत. प्रत्येक खुणेची उंची पक्क्या बेंचमार्कवरून काढायची, उंबऱ्याचीही काढायची आणि आयर्विनच्या फुटांशी ताडून बघायची. मग 48 फूट म्हणजे कुठल्या घराच्या कितव्या पायरीला पाणी, हे महापालिका आदल्या रात्री घरोघर कळवू शकेल. त्यासाठी महापालिका आयुक्तांचं एक पत्र, चार लेव्हल आणि आठ दिवस लागतील. भिंती रंगवल्या जातात, जुनी माणसं जातात. हा कॅम्प पुढच्या पावसाळ्याच्या आत व्हायला हवा.